पडक्या गिरणीचे फोटो

मागच्या वर्षी दिवाळीत नात पुण्याहून आली ती गळ्यात कॅमेरा अडकवूनच. फराळाचं ताट पुढे केलं तर म्हणाली, "आजी, आधी सांग, इथे पडकं काय काय आहे?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यातच काही चूक झाली. पाहुणा आला की आपण त्याला काय दाखवतो? पद्मालय, पाटणादेवी, उनपदेव, मनुदेवी, वेळ असला तर अजिंठा. आता जळगावात सोन्याची दुकानंही दाखवतात. पडकं दाखवा म्हणणारा पाहुणा मला पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा भेटला, आणि तोही घरचाच! (नात्यातल्या वाचकांना ही कोण ते कळलंच असेल. बाकीच्यांनी नुसतं 'नात' समजावं.)

ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. बंद पडलेल्या, सोडून दिलेल्या इमारतींचे फोटो काढायचे आणि कॉलेजात प्रदर्शन लावायचं, असा तिचा विषय होता. मी म्हटलं, आपलं जळगाव काही पडकं गाव नाही बाई. केळी आहेत, सोनं आहे, ठिबकचे कारखाने आहेत, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. तर म्हणाली, "मला गाव पडकं नको, इमारत पडकी हवी." मग मात्र मला एकेक आठवायला लागलं, आणि ते इतकं निघालं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

पहिल्या दिवशी आम्ही पाचोरा-जामनेर लाइनवर गेलो. ही आमची छोटी गाडी, पीजे. ५६ किलोमीटरचा रस्ता. १९७३ साली, दुष्काळाच्या वर्षी, मला पहिली नोकरी लागली ती या लाइनवरच्या एका गावात. गाडी एवढी सावकाश चालायची की शाळेतली मुलं उतरून, बोरं वेचून पुन्हा चढायची. ही अतिशयोक्ती नाही, मी त्यांना त्याबद्दल उभं केलेलं आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशातल्या सगळ्या गाड्या थांबल्या. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या, ही झालीच नाही. तिच्या जागी ब्रॉडगेज व्हायची आहे, त्यामुळे रडावं की खूश व्हावं ते नीटसं कळत नाही. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचं दर्शन घेतलं आणि मग स्टेशनाकडे वळलो. रुळांत काटेरी झुडपं, फलाटावर शेळ्या. नातीने शेळ्यांसकट फोटो काढले. मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी भुसावळला रेल्वेचे जुने क्वार्टर पाहिले. तिथे एका गृहस्थांनी हटकलं. "मॅडम, चांगलं काही नाही का फोटो काढायला? बाहेरचे लोक बघतील तर गावाची बदनामी." मी शिक्षिकेच्या सवयीने त्यांना उत्तर द्यायला निघाले होते, पण नातीने हात धरून पुढे नेलं.

परतीच्या वाटेवर नसूनही हट्टाने चाळीसगावला गेलो, कारण कॅमेरा हातात धरलेल्या माणसाने खानदेशात येऊन केकी मूस यांचं घर पाहू नये हे मला पटेना. मूस जन्मले १९१२ साली, मुंबईच्या पारशी घरात. विलायतेला शिकून आले आणि चाळीसगाव स्टेशनाजवळच्या बंगल्यात राहिले ते असे की पुढची चार-पाच दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. १९८९ च्या ३१ डिसेंबरला तिथेच गेले. का पडले नाहीत याच्या पंजाब मेलच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात, त्यात मी जात नाही. मला नवल त्यांच्या टेबलटॉप फोटोंचं. घरातल्या टेबलावर वस्तू मांडायच्या, प्रकाश हवा तसा पाडायचा आणि असा फोटो घ्यायचा की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुठल्या तरी दूरच्या देशात जाऊन उभा राहिलेला आहे. नात बराच वेळ एकेका फोटोसमोर थांबली. बाहेर आल्यावर म्हणाली, "यांनी घरात बसून बाहेरचं जग केलं, आणि मी बाहेर हिंडून रिकामी घरं शोधतेय." मी काही बोलले नाही, पण हे वाक्य पुढे माझ्या उपयोगी पडलं.

तिसऱ्या दिवशी गिरणी.

खानदेशात जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव अशा गावांना एके काळी गिरणीचा भोंगा होता. त्यातल्या एका गावात मी वाढले आणि सासरही गावातच मिळालं. कुठल्या गावात ते लिहीत नाही. जे लिहिणार आहे त्यात तक्रार आहे, आणि आता कोणाशी तंटा करायचं माझं वय नाही. नातेवाइकांना ठाऊक आहेच.

माझे वडील, आबा, साचेखात्यात होते. सोळाव्या वर्षी गिरणीत लागले ते गिरणी बंद होईपर्यंत. धाकटा भाऊ १९७६ पासून बदली कामगार. बदली म्हणजे रोज फाटकावर जाऊन उभं राहायचं, कोणी आलं नसेल तर त्याच्या जागी काम, नाही तर घरी परत. घड्याळ आमच्या घरी फार उशिरा आलं, भोंग्यावरच सगळं चालायचं. पहिल्या पाळीच्या भोंग्याला आईची चूल पेटलेली असायची. साच्यांच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे, त्यामुळे तिथली माणसं ओठांवरून ओळखायची, नाही तर हाताने खुणा करायची. आबा घरीही खुणेनेच मीठ मागत, आणि बोलले तर एवढ्या मोठ्याने की नव्या भाडेकरूला वाटायचं, यांच्याकडे भांडण लागलंय.

फाटकावरच्या राखणदाराने आधी नाही म्हटलं. मग मी आबांचं नाव सांगितलं, तसा तो खुर्चीवरून उठला. त्याचे वडीलही तिथलेच. म्हणाला, "आठे काय शे आते? भंगारवाला समदं लई ग्यात." पण सोडलं आत.

समदं नेलं होतं हे खरं. साचे नाहीत, पट्टे नाहीत, वायरसुद्धा भिंतीतून उकरून काढलेली. छप्पर मात्र बरंचसं शाबूत. करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर मी लहानपणापासून बाहेरून पाहत आले, ते तसं का हे मला त्या दिवशी नातीने सांगितलं. प्रत्येक दात्याची उभी बाजू उत्तरेकडे आणि तिला काचा. म्हणजे उजेड भरपूर येतो, पण थेट ऊन यंत्रावर आणि माणसावर पडत नाही. मग मीही तिला एक गोष्ट सांगितली जी तिच्या पुस्तकात नव्हती. आपल्याकडची हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणून आत दमटपणा ठेवावा लागायचा. बाहेर मे महिन्याचं पंचेचाळीस डिग्री ऊन आणि आत वाफ. आबा दुपारच्या सुट्टीत बाहेर यायचे तेव्हा सदरा पिळून वाळत घालायचे. उजेडाची काळजी घेतली होती, माणसाची तेवढी नव्हती.

ती फोटो काढत राहिली आणि मी एका ओट्यावर बसले. दोन तास! साप-विंचवाची भीती होती, पण त्याहून जास्त मला तिथला शांतपणा सोसेना. या जागेत शांतता असते हेच मला माहीत नव्हतं.

असो. दिवाळी झाली, ती गेली. जानेवारीत प्रदर्शन लागलं. मुलगा म्हणाला चल, म्हणून मी पुण्याला गेले. फोटो सुंदर होते. मी उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही, चाळीस वर्षं निबंध तपासलेत. पण सुंदर होते. सगळ्यांत गर्दी एका फोटोसमोर होती. एक दगडी चौकटीची लहान खिडकी, लोखंडी गज, एक गज वाकलेला, आणि त्या गजांमधून बाहेर आलेलं पिंपळाचं रोप. कोवळी तांबूस पानं, मागे काळोख. लोक म्हणत होते, बघा निसर्ग कसा आपली जागा परत घेतो. खाली पाटी होती, "अनाम".

ती पगाराची खिडकी होती.

दर महिन्याला त्या खिडकीसमोर रांग लागायची. आम्ही भावंडं आईबरोबर बाहेर थांबायचो, कारण पगार झाला की आबा तिथूनच वाण्याकडे जायचे आणि आम्हाला शेवचिवड्याची पुडी मिळायची. आणि शेवटच्या वर्षी त्याच खिडकीसमोर आई एकटी जाऊन उभी राहायची, कारण आबांना जायची लाज वाटायला लागली होती. खिडकी उघडायचीच नाही. आई तास-दोन तास थांबून परत यायची आणि काही न बोलता कणीक मळायला बसायची. अनाम? तीन पाळ्यांची नावं होती त्या खिडकीला, हजेरीपटावर ओळीने लिहिलेली.

मी तिथे काही बोलले नाही. घरी आल्यावर मात्र आमचं भांडण झालं, चांगलं कडकडून. मी म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याचं मोडलेलं घर छान दिसतं, कारण ते तुमचं नाही. ती म्हणाली, आजी, मग तू तिथे ओट्यावर बसली होतीस तेव्हा का नाही सांगितलंस? मला काय माहीत ती कसली खिडकी?

या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. ते पुढे देते.

दुसऱ्या दिवशी तिने मला अमेरिकेतल्या काही गोष्टी दाखवल्या. हा वाद तिकडे आधीच होऊन गेलेला आहे. डेट्रॉइट नावाचं मोटारींचं शहर, तिथलं रेल्वेस्टेशन १९१३ साली उघडलं आणि १९८८ साली तिथून शेवटची गाडी गेली. मग तीस वर्षं ती अवाढव्य इमारत रिकामी. जगभरचे फोटोग्राफर येऊन तिचे फोटो काढून गेले आणि गावातले लोक वैतागले, की आम्ही इथे राहतो, आमच्या शाळा आहेत, लग्नं होतात, आणि तुम्हाला फक्त फुटक्या काचा दिसतात! पुढे २०१८ साली फोर्ड कंपनीने ती घेतली, आणि २०२४ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा उघडली. म्हणजे भुसावळचे ते गृहस्थ एकटे नव्हते तर!

दुसरा माणूस मला जास्त आवडला. विल्यम क्रिस्टनबेरी. अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्य, तिथल्या हेल काउंटी नावाच्या कापसाच्या मुलुखातलं त्याचं आजोळ. नोकरी दूर वॉशिंग्टनला, कलेचा शिक्षक. पण दर उन्हाळ्यात हा गावी यायचा आणि त्याच त्याच इमारतींचे फोटो काढायचा. एक कोठार, एक चर्च, एक लहानसं दुकान. लहानपणी नाताळात मिळालेला साधा ब्राउनी कॅमेरा. एकाच घराचे वर्षानुवर्षांचे फोटो ओळीने ठेवले की दिसतं, आधी रंग गेला, मग दार, मग वेली चढल्या, मग छप्पर बसलं, शेवटी नुसती झाडी. २०१६ साली तो वारला. तो पाहुणा नव्हता, त्याचे आजी-आजोबा तिथले होते. हा फरक मला मोठा वाटतो.

आणि कापूस म्हटल्यावर मला राहवेना, मीच नातीला शिकवायला बसले. त्या दक्षिणेचा आणि आपला संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. मग इंग्रजांना हिंदुस्थानचा कापूस आठवला. त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत येऊन पोचली. जळगाव ही कापसाची मोठी पेठ झाली ती तेव्हा. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि जळगावच्या पेठेने जबर मार खाल्ला. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये हे नोंदलेलं आहे. पण पेठ राहिली, जिनिंग-प्रेसिंग आले, मागाहून गिरण्या आल्या. तिकडे गुलामांच्या घामावर पिकणारा कापूस अडला म्हणून इकडे आमच्या गावांना पैसा दिसला. आता तिथली कोठारंही पडली आणि आमच्या गिरण्याही. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर अनोळखी माणसाला कुठलं कुठलं ते सांगता येईल की नाही याची मला शंका आहे.

तर माझं मत काय? पडक्या इमारतींचे फोटो काढू नयेत असं मी म्हणणार नाही. उलट आजच काढा, उद्यापर्यंत त्या राहतीलच असं नाही. जळगाव स्टेशनाजवळची खानदेश मिल कशी दिसायची हे आज पंचविशीतल्या मुलाला विचारून पाहा. त्याला खान्देश सेंट्रल माहीत असतं. मिलचं नाव मॉलला उरलं. आपल्या देशात एखादी गढी, लेणं, देऊळ जुनं असलं की निदान सरकारी फलक तरी लागतो. १९५८ च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. गिरण्यांनीही शंभरी गाठली, पण गढी पडली तर इतिहास आणि गिरणी पडली तर भंगार, असा आपला हिशोब आहे. राजाने बांधलं ते वारसा, आणि हजारो माणसांनी जिथे आयुष्य काढलं ती मोक्याची जमीन!

'बदनामी होते' हे मला मुळीच पटत नाही. बंद पडलेलं झाकून ठेवायचं ते कोणासाठी? पण 'किती सुंदर उदास' हेही पटत नाही. पिंपळ सुंदर असतोच, त्याला गिरणीची गरज नाही. असा फोटो पाहणाऱ्याला वाटतं, काळाने हे केलं. काळ काही करत नाही हो. आमच्या गिरणीत पन्नास वर्षांत नवे साचे आले नाहीत, ते कोणी तरी आणले नाहीत म्हणून. पॉलिएस्टर, टेरिकॉट आलं. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांवर तेच कापड स्वस्तात निघायला लागलं. गिरणीला जे कर आणि जे कायदे, ते यंत्रमागाला नव्हते, किंवा असूनही लागत नव्हते. आणि लोक सगळ्याचं खापर संपावर फोडतात. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचा. आमच्या गिरणीत तो संप झालाच नाही, तरी आजही गावात कोणालाही विचारा, "संपामुळे बंद पडली" म्हणून सांगेल. वाकलेला गज आणि पिंपळ दाखवणारा फोटो यातलं काहीच सांगू शकत नाही. तो त्याचा दोष नाही, पण मग त्याच्या खाली चार ओळी लिहायला काय हरकत आहे? मुंबईच्या गिरणगावावर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी पुस्तक केलं तेव्हा शंभर माणसांना बोलतं केलं. इमारती तिथल्याही पडल्या, पण बोलणं राहिलं.

आणखी एक. गिरणीचा फोटो काढणाऱ्याने गिरणीच्या पैशातून जे उभं राहिलं त्याचाही काढावा. अमळनेरचे प्रतापशेठ गिरणीमालक होते. तिथलं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ सालचं, त्यांनी उभं केलेलं. प्रताप कॉलेज त्यांच्याच नावाचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच कॉलेजच्या आवारात ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी गेले होते. हजारो माणसं पुस्तकं घेत हिंडत होती. तेही गिरणीचंच चित्र आहे, फक्त त्यात पिंपळ नाही.

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर. मी ओट्यावर बसून होते तेव्हा का नाही बोलले?

गिरणीला टाळं लागल्यावर कामगार फाटकासमोर मंडप टाकून बसले होते. आबा रोज जायचे, डबा घेऊन, जणू पाळीलाच जातायत. माझी शाळा त्याच रस्त्यावर. मी तोवर मुलींच्या शाळेत कायम झालेली होते, दर महिन्याला पगार हातात येत होता. पहिले दोन दिवस मी तिथून गेले. मंडपातून कोणी तरी म्हणालं, "बाई आल्या, बाईंना जागा द्या." मला त्यांच्या शेजारी बसता येईना आणि पुढे निघूनही जाता येईना. तिसऱ्या दिवसापासून मी मागच्या गल्लीने जायला लागले. लांब पडायचं, पण गेले. दोन महिने. एकदा आबांनी विचारलं, "हल्ली लांबून जातेस का गं?" मी म्हटलं, "बाजारात काम असतं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आबा १९९१ साली गेले. देण्यांचा चेक आला २००३ साली, आईच्या नावाने. सव्वीस हजार आणि काहीशे रुपये. आईने त्यातले निम्मे भावाला सुरतेला पाठवायला लावले आणि उरलेल्यात घराची गळकी कौलं काढून पत्रे घातले. भाऊ तोवर सुरतेत पुरता रुळला होता. आपली खानदेशची माणसं तिकडे उधना, लिंबायतला गल्लोगल्ली आहेत, त्यातलाच तो एक. साच्यावरून यंत्रमागावर.

म्हणजे पाहायची वेळ होती तेव्हा मी मागच्या गल्लीने गेले, आणि चाळीस वर्षांनी नात समोरून जाऊन फोटो काढते तर तिला रागावते. आमच्या घरात चालू गिरणीचा एकही फोटो नाही. आबांचा एकच फोटो आहे, गिरणीच्या पासावरचा, तोही अर्धा शिक्क्याखाली गेलेला. त्या काळी कॅमेरा नव्हता हे खरं, पण वही-पेन तर होतं ना माझ्याकडे! मराठीची बाई मी. मुलींना 'बंद पडलेल्या कारखान्याचे मनोगत' लिहायला सांगायची, दहापैकी मार्क द्यायची.

भांडणानंतर पंधरा दिवसांनी मी तो खिडकीचा फोटो भावाला व्हॉट्सॅपवर पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर आलं नाही. एक दिवस, दोन दिवस. मला वाटलं, चूक केली, जखम उकरली. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. रामराम नाही, कशी आहेस नाही. म्हणाला, "ताई, डाव्या हाताचा दुसरा गज वाकलेला दिसतोय ना?"

म्हटलं, हो.

"तो मी वाकवलाय."

शेवटच्या वर्षी एकदा पगार मिळणार म्हणून सांगून खिडकी उघडली आणि पाच मिनिटांत बंद केली. पुढच्या चौघांनी मिळून गज धरून ओढला. चौघांतला एक हा. हे आबांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, आई तर गेलीच. प्रदर्शनातल्या एका पाटीवर लिहिलं होतं की झाडाच्या ताकदीपुढे लोखंडही वाकतं. लोकांनी त्या वाक्याचाही फोटो काढून नेला होता.

हे मी नातीला कळवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामाआजोबांना घेऊन पुन्हा जाऊया?"

यंदाच्या दिवाळीत गेलो. भाऊ सुरतेहून आला, एकोणसत्तर वर्षांचा, गुडघे दुखतात त्याचे. राखणदाराने त्याला ओळखलं आणि दोघं अहिराणीत असे सुरू झाले की आम्ही दोघी बाजूला उभ्या. पिंपळ वर्षभरात हातभर वाढला आहे. नातीने मागच्या वर्षी जिथे उभं राहून फोटो काढला होता तीच जागा दोन दगड ठेवून खुणेची केली. आता दर दिवाळीला तिथूनच काढणार म्हणते. मग भावाला म्हणाली, खिडकीजवळ उभे राहा. तो कॅमेऱ्याकडे पाहायला तयार नव्हता, मग खिडकीकडे तोंड करूनच उभा राहिला, रांगेत असल्यासारखा, एक हात चौकटीवर ठेवून.

घरी आल्यावर तिने 'अनाम' काढून टाकलं आणि नवी ओळ लिहून आम्हाला वाचून दाखवली. पगाराची खिडकी, दर महिन्याच्या दहा तारखेला तीन पाळ्यांचा पगार इथे होत असे, आणि पुढे आबांचं, भावाचं आणि उरलेल्या तिघांचं नाव.

भाऊ लाडू खात होता. म्हणाला, "दहा तारीख कायद्याची. मिळायचा बाराला."

तिने दहा खोडून बारा केले.